कॅटेकेसिस ऑफ द गुड शेफर्ड : मराठी चर्चमध्ये कितपत चालेल?

निकाल आधीच सांगून टाकू, कारणं मागाहून. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या धर्मशिक्षणासाठी आज चर्चला जे काही मिळू शकतं, त्यात ‘कॅटेकेसिस ऑफ द गुड शेफर्ड’ (उत्तम मेंढपाळाचं धर्मशिक्षण) ही पद्धत सगळ्यांत सरस आहे. सहा ते नऊ वयासाठी चांगली आहे, पण आपल्याकडे थोडी कापूनबेतून घ्यावी लागते. नऊ ते बारासाठी ती कागदावर सुंदर आहे. ट्यूशन आणि शाळेच्या स्पर्धांतून उरलेल्या रविवारात मात्र ती बसत नाही. तेरा वर्षांनंतर तिच्याकडे देण्यासारखं काहीच नाही. आणि एक अट पहिल्या दिवसापासून लागू आहे: सतत बोलायची सवय असलेल्या माणसाच्या हाती ती सोपवली, तर सगळं सामान म्हणजे नुसती महागडी खेळणी.

मुळात हा दुकानातून उचलून आणायचा संच नव्हे. १९५४ साली रोममध्ये सोफिया कावालेत्ती आणि जान्ना गोब्बी या दोघींनी ही पद्धत सुरू केली. कावालेत्ती हिब्रू बायबलच्या अभ्यासक, गोब्बी माँटेसरी शिक्षिका. खोलीला वर्ग म्हणत नाहीत, एट्रियम म्हणतात. तिथे फळा नाही, बाकं नाहीत, परीक्षा नाही, हजेरीचे तारे नाहीत. पहिला स्तर तीन ते सहा वर्षांचा, दुसरा सहा ते नऊ, तिसरा नऊ ते बारा. शिकवणाऱ्यांना प्रत्येक स्तराचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, पहिल्याचं साधारण ९० तासांचं. त्यात प्रत्येक पाठ स्वतःच्या शब्दांत लिहून, आकृत्या काढून आपली वही आपणच तयार करायची. आयतं ‘टीचर्स गाइड’ मिळत नाही यावर आपल्याकडचे कॅटेकिस्ट, म्हणजे धर्मशिक्षण देणारे, आधी कुरकुरतात. पण छापील गाइड रविवारी सकाळी रिक्षात बसून चाळता येतं, आणि तसं चाळून आलेलं मुलांना लगेच कळतं. हाताने लिहिलेला पाठ डोक्यात राहतो. मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या सिस्टर्सही हे प्रशिक्षण घेतात, तेव्हा ही केवळ श्रीमंत देशांतल्या चर्चची हौस आहे असं समजायचं कारण नाही.

खोली, वेळ आणि माणसं

एका वेळी बारा मुलं, दोन मोठी माणसं, दोन तास. ही तीन मापं सांभाळली तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे. पन्नास मुलांचा घोळका आणि मिस्सानंतरची, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतरची, पंचेचाळीस मिनिटं एवढंच हाताशी असेल, तर ही पद्धत घेऊ नका. कारण सरळ आहे. मूल आत आल्यावर स्थिर व्हायलाच पंधरा-वीस मिनिटं घेतं. मग दहा मिनिटांचा पाठ, मग तासभर ज्याने त्याने आपलं काम निवडून एकट्याने करायचं, आणि शेवटी प्रार्थनेच्या चौरंगाभोवती बसायचं. पंचेचाळीस मिनिटांत फक्त पाठ उरतो आणि एकट्याचं काम गळून पडतं. खरी गंमत त्या एकट्याच्या कामातच आहे.

जागा शाळेच्या एका वर्गखोलीएवढी पुरते. शेल्फं मुलाच्या छातीपर्यंतच, म्हणजे पाऊण मीटरहून उंच नकोत, नाहीतर मागची वस्तू ओढताना पुढची पडते. खुर्च्या-टेबलांवर पैसे घालू नका; आपल्या मुलांना जमिनीवर बसता येतं. प्रत्येकाला एक छोटी चटई आणि सगळ्यांत मिळून तीन-चार चौरंग, झालं. सगळ्यांत मोठी अडचण कायमच्या खोलीची. चर्चचा हॉल शनिवारी साखरपुड्याला, रविवारी दुपारी सभेला. दर आठवड्याला सामान मांडायचं आणि उचलायचं म्हटलं की स्वयंसेवक नाताळापर्यंतच टिकतात. चाकांची दोन बंद कपाटं करून घेतली तर मांडामांड बरीच आटोपशीर होते. तेही जमणार नसेल तर सॅक्रिस्टीशेजारची (फादर उपासनेची तयारी करतात त्या खोलीशेजारची) एखादी अडगळीची खोली रंगवून घ्या, भले लहान असो. आठ मुलांची कायमची खोली बारा मुलांच्या उसन्या हॉलपेक्षा बरी.

दोन मोठी माणसं सांगितली ती केवळ मदतीसाठी नव्हेत. मुलांबरोबर एकटं मोठं माणूस कधीच असू नये आणि दार उघडं किंवा काचेचं असावं, हा नियम धर्मग्रामाने (पॅरिशने) लेखी करून भिंतीवर लावावा.

सुरुवातीचे पाच-सहा रविवार येशूचं नावही फारसं येत नाही. मुलं एका भांड्यातून दुसऱ्यात राजमा ओततात, मग तांदूळ, मग पाणी. रुमालाच्या घड्या घालतात, फुलं छोट्या तांब्यांत लावतात, पितळी घंगाळ लिंबू-मिठाने घासतात. पालक दारातून डोकावतात आणि म्हणतात, “चर्चला पाठवलंय की स्वयंपाकघरात?” याचं उत्तर तयार ठेवा. पुढे हीच मुलं द्राक्षरस आणि पाण्याच्या छोट्या झाऱ्या हाताळणार आहेत, मेणबत्ती विझवणार आहेत, वेदीचं वस्त्र अंथरणार आहेत. हात थांबायला शिकला की डोळे थांबतात. हे आठवडे गाळले की पुढच्या प्रत्येक पाठात सांडलवंड आणि ओरडा ठरलेला.

लाकडी मेंढरं

पहिल्या स्तराचा गाभा बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला उत्तम मेंढपाळ. साहित्य अगदी थोडं: एक गोल मेंढवाडा, त्याला उघडमीट करणारं दार, दहा मेंढरं, एक मेंढपाळ. आकृत्या चपट्या, लाकडात कापलेल्या, तळाला पट्टी लावून उभ्या केलेल्या. मुद्दाम चपट्या असतात. येशूच्या जन्माची किंवा शेवटच्या भोजनाची दृश्यं घडलेली म्हणून ती भरीव पुतळ्यांनी मांडायची. दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, ही गोष्ट म्हणून तो चपट्या आकृत्यांनी. हा फरक मुलांना कुणी सांगत नाही, हाताला कळतो. खेळण्यांच्या दुकानातली प्लॅस्टिकची मेंढी आणून ठेवली की हा सगळा विचार पाण्यात जातो.

परदेशी संच मागवण्याची गरज नाही, आणि मूळ पद्धतीतही साहित्य शक्यतो आपल्या हाताने करावं असंच सांगितलं जातं. मेंढपाळ सुमारे पंधरा सेंटिमीटर, मेंढरं सात-आठ सेंटिमीटर, वाडा पस्तीस-चाळीस सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे दहाही मेंढरं आत मावतात आणि मुलाचा हातही जातो. आठ बाय चार फुटांच्या एका प्लायमधून हे सगळं, शिवाय पुढच्या दाखल्यांच्या आकृत्या निघतात. जाडी आठ-नऊ मिलिमीटर घ्या. सहाची घेतली तर मेंढ्यांचे पाय मोडतात. वसई, अलिबाग, रत्नागिरीकडे साधं आयएस ३०३ चं कमर्शियल प्लाय दोन पावसाळ्यांत फुगून कडेला सुटतं. आयएस ७१० चा शिक्का असलेलं बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लाय घ्या. लाखेच्या पॉलिशवर जुलैत पांढरट झाक चढते, म्हणून जवसाच्या तेलाचा हात किंवा पाण्यावर चालणारा पीयू (पॉलियुरेथेन) कोट बरा. सावंतवाडीच्या चितार आळीतले कारागीर पिढ्यान् पिढ्या लाकडी खेळणी आणि फळं करतात. आकृती नीट कागदावर काढून नेली तर भरीव पुतळ्यांचं काम त्यांच्यासारखं कुणी करणार नाही. तिथल्या खेळण्यांना पारंपरिक पांगाऱ्याचं लाकूड वापरतात. ते हलकं आणि मऊ असतं, आदळआपट सोसत नाही. पुतळ्यांसाठी शिवण मागा.

रंगाबद्दल एक मत. परदेशी चित्रांतली कापसासारखी पांढरीशुभ्र मेंढरं टाळा. दिवाळीनंतर धनगरांचे कळप कोकणात उतरतात ते मुलांनी पाहिलेले असतात, आणि त्या दख्खनी मेंढ्या बहुतेक काळ्या किंवा तपकिरी. नुसत्या लाकडाच्या रंगात दोन-तीन मेंढरं गडद ठेवली की मूल ती लगेच ओळखतं. सगळ्या मेंढ्यांचा साचा एकच ठेवू नका. कान, मान, उभं राहण्याची ढब थोडी वेगळी हवी, कारण मेंढपाळ एकेकीला नावाने हाक मारतो, हाच तर पाठ आहे.

पाठ असा: चटई अंथरायची. वाडा मांडायचा, मेंढरं एकेक करून आत. मेंढपाळ पुढे चालतो, मेंढरं मागोमाग बाहेर येतात, चरतात, परततात. बायबलमधला उतारा उभं राहून वाचायचा, त्या वेळी मेणबत्ती लावायची. मग एक-दोन प्रश्न आणि शांतता. “ही मेंढरं कोण असतील बरं?” एवढं विचारून थांबायचं. “ती मेंढरं म्हणजे आपण” हे शिकवणाऱ्याने कधीही सांगायचं नाही. चार वर्षांचं मूल काही बोलणार नाही, मेंढरांशी खेळेल, वाड्याचं दार दहादा उघडेल. पाच-साडेपाच वर्षांचं झालं की एखाद्या दिवशी ते स्वतःच म्हणतं. दीड वर्ष गप्प राहायची तयारी नसलेल्या शिक्षकाला हे वाक्य पहिल्याच दिवशी तोंडातून निसटतं, आणि मुलाने शोधायची गोष्ट त्याला आयती मिळते. त्याच अध्यायातले लांडगा आणि मोलकरी गडी पहिल्या स्तराच्या सुरुवातीला आणू नका. लहान मुलाला लांडगाच आठवतो, मेंढपाळ नाही. नीतीचे दाखले, जसा चांगल्या शमरोन्याचा, तेही सहा वर्षांनंतरच.

याच साहित्याची पुढची पायरी फार जमून आली आहे. दुसरा एक गोल वाडा घेतात, मधोमध छोटं वेदीचं मेज, त्यावर मेंढपाळाची आकृती. मेंढरं भोवती गोळा होतात. मग मेंढपाळाच्या जागी भाकर आणि प्याला, आणि मेंढरांच्या जागी एकेक करून माणसं: बाई, बुवा, मूल, फादर. शब्द जेमतेम दहा-बारा. ख्रिस्तयागात काय चाललंय हे तासभर समजावून जे साधत नाही, ते या दहा मिनिटांत साधतं. पहिल्या स्तरातलं एकच साहित्य निवडायचं म्हटलं तर हे निवडावं.

वेदी, मोहरी, यीस्ट

लहान वेदी मुलाच्या कमरेइतकी उंच. वस्त्र, क्रूस, दोन मेणबत्त्या, प्याला, थाळी, वाचनग्रंथ. एका रविवारी दोन-तीनच वस्तूंची नावं. प्याला-थाळी पितळेचीच, स्टीलची नको आणि चकचकीत प्लॅस्टिकची तर मुळीच नको. भांड्यांच्या बाजारात देवपूजेच्या छोट्या भांड्यांत योग्य मापाची सहज मिळतात. झाऱ्यांसाठी लाल सरबत वापरण्याचा मोह होतो. पाकाचं सरबत चिकटतं, आणि पुढच्या रविवारी कपाट उघडलं की मुंग्यांची रांग. काळ्या द्राक्षांचा बिनसाखरेचा रस पाण्यात सारख्या प्रमाणात मिसळून बाटलीत आणा, आणि उरलेला त्याच दिवशी फेकून द्या.

छताचा पंखा हा या खोलीचा शत्रू. ज्योत विझते, वेदीचं वस्त्र उडतं, फुलाचा तांब्या कलंडतो. काचेची चिमणी असलेले दिवे घ्या, आणि प्रार्थनेची पाच मिनिटं पंखा बंद. मेणबत्ती विझवायला फुंकर नाही, विझवणी, म्हणजे ज्योतीवर धरायची दांड्याची टोपी. तिच्याखालून वर चढणारा धूर मुलं डोळे मोठे करून बघतात.

देवराज्याच्या दाखल्यांत आपल्या स्वयंपाकघराचा फायदाही आहे आणि तोटाही. मोहरीच्या दाण्याच्या पाठाला खरी मोहरी लागते. आपल्या मुलांनी ती रोज फोडणीत तडतडताना पाहिलेली असते, त्यामुळे वाटीभर मोहरी पुढे ठेवली की नवल संपलं. एकच दाणा, पांढऱ्या कागदावर, शिकवणाऱ्याच्या बोटाच्या टोकावरून मुलाच्या बोटावर. जेमतेम दीड मिलिमीटरचा. मग शांतता. कुंडीत त्याच दिवशी पेरा. तीन ते पाच दिवसांत अंकुर येतो, पुढच्या रविवारी मुलं चपला न काढताच कुंडीकडे धावतात. बाजारची मोहरी जुनी असेल तर उगवत नाही. आधी घरी पाच-सहा दाणे ओल्या कापसात टाकून बघा. लहान भावंडं बरोबर येत असतील तर मोहरी आणि मोत्याच्या दाखल्यासाठीचे मोती दोन्ही झाकणाच्या डबीत ठेवा. नाकात घालायला दोन्ही सोयीचे.

खमिराच्या पाठाला इडलीचं पीठ चालत नाही, कारण ते फुगायला रात्र लागते. १०० ग्रॅम मैदा, अर्धा चहाचा चमचा इन्स्टंट यीस्ट, चिमूटभर साखर, कोमट पाणी. तेवढाच दुसरा गोळा यीस्टशिवाय. दोन्ही सरळ काचेच्या ग्लासांत ठेवून रबरबँडने पातळी दाखवा. मुंबई-वसईच्या हवेत वीस-पंचवीस मिनिटांत फरक दिसतो. डिसेंबरात नाशिकला पाऊण तास धरा आणि ग्लास कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा. पीठ फुगलंच नाही तर बहुतेक वेळा पाणी जास्त गरम झालेलं असतं. बोटाला चटका बसतो त्या पाण्यात यीस्ट मरतं. शिवाय पाकीट फ्रीजबाहेर महिनोन् महिने उघडं पडलेलं नको. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाच्या वेळी खमिराच्या पिठाचे फुगे तळले जातात, तिथल्या मुलांना हा पाठ अर्धा आधीच येत असतो.

उपासनावर्षाचं, म्हणजे चर्चच्या सणांच्या वर्षाचं, चक्र हे आणखी एक साहित्य: लाकडी गोलात बसणारे ५२ त्रिकोनी ठोकळे, रविवारागणिक एक. आगमनकाळाचे (नाताळापूर्वीचे) चार जांभळे, प्रायश्चित्तकाळाचे (ईस्टरपूर्वीचे) सहा जांभळे, पुनरुत्थानकाळाचे (ईस्टरपासूनचे) सात पांढरे, पेन्टेकॉस्टचा (पवित्र आत्म्याच्या सणाचा) एक लाल, नाताळचे पांढरे, उरलेले हिरवे. हौशी सुतार ठोकळे चिकटवून देतो आणि पुढच्या वर्षी सगळं चुकतं. ईस्टर २०२४ मध्ये ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला, २०२६ मध्ये ५ एप्रिलला. म्हणजे नाताळ आणि प्रायश्चित्तकाळ यांच्यामधले हिरवे ठोकळे दरवर्षी कमीजास्त होतात. सगळे सुटे हवेत. घर अगदी घट्टही नको, पावसाळ्यात ठोकळे फुगून अडकतात. पोस्टकार्ड सरकेल एवढी फट ठेवा.

कोसबाडचा धडा

स्वस्त साहित्याची लाज वाटणाऱ्यांनी आपल्याच महाराष्ट्रातल्या पालघर जिल्ह्याकडे बघावं. मारिया माँटेसरी १९३९ साली मद्रासच्या अड्यारला आल्या, पण त्याच्या कितीतरी आधी, १९२६ साली शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला होता. पुढे ताराबाईंनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघांबरोबर बालवाडी नेली, ती आयात केलेल्या महागड्या साधनांवर नव्हे. बिया, शिंपले, दगड, पानं, कुंभाराची मडकी यांतून माँटेसरीचं तत्त्व त्यांनी आदिवासी पाड्यावर चालवलं. बोर्डी, कोसबाड आणि वसई आज एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. धर्मग्रामातली एखादी निवृत्त बालवाडी-शिक्षिका शोधा. रोमहून आलेल्या या पद्धतीतलं निम्मं तिला आधीच येत असतं, आणि विशेष म्हणजे गप्प कसं बसायचं तेही.

सहा वर्षांनंतर

दुसऱ्या स्तरात द्राक्षवेल येते, आणि महाराष्ट्रात हा पाठ रोमपेक्षाही चांगला होऊ शकतो. नाशिककडच्या बागांत वर्षातून दोन छाटण्या असतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. बागाइतदार कात्री का चालवतो, छाटलेल्या काडीचं काय होतं, वेलीला लागून राहिलेल्या काडीला डोळा कसा फुटतो, हे प्रत्यक्ष दाखवून मग योहानाचा पंधरावा अध्याय वाचला तर स्पष्टीकरणाची गरजच राहत नाही. बाग दूर असेल तर छाटलेल्या काड्यांची एक जुडी मागवा. आठ दिवसांत ती वाळते, तीच पुरे.

देवराज्याच्या इतिहासाची फीत हे दुसऱ्या स्तराचं दुसरं बलस्थान. पन्नासेक मीटर लांबीची, बारीक रेघांची फीत मुलांनी उलगडत न्यायची: सृष्टी, मुक्ती, आणि शेवटी अजून न लिहिलेला भाग. खोलीत ती मावत नाही, चर्चच्या मधल्या वाटेवरून दरवाजाबाहेर जाते. रेशमी फीत घसरते आणि गुंता करते. जाड विणीची सुती घ्या, लाकडी रिळावर गुंडाळा. मुलं त्या कोऱ्या टोकाशी उभी राहतात तेव्हा काहीही बोलू नका.

याच स्तरात भाषा आडवी येते. पहिला स्तर सगळा तोंडी, त्यामुळे घरी कादोडी, वाडवळी, कोकणी किंवा मराठी बोलणारं आणि इंग्रजी शाळेत जाणारं मूल तिथे अडत नाही. दुसऱ्यात मुलांना वचनांच्या छोट्या पुस्तिका वाचायच्या आणि उतरवून काढायच्या असतात. इंग्रजी माध्यमातला आठ वर्षांचा मुलगा देवनागरी जोडाक्षरांशी झगडतो आणि वचन बाजूलाच राहतं. सोपं म्हणून सगळं इंग्रजीत केलं तर आजीबरोबर रोझरीला (जपमाळेला) बसल्यावर त्याला काहीच जुळत नाही. आमची शिफारस: प्रार्थना आणि वचनं मराठीत, वीस पॉइंटच्या अक्षरात, एका पानावर दोन ओळी, त्यावरची चर्चा मूल बोलेल त्या भाषेत. बायबलचा अनुवाद आजच्या मराठीतला घ्या. जुना कानाला गोड लागतो, पण आठ वर्षांच्या मुलाला नाही.

पाठांतर आणि गाणं, दोन्ही बाबतींत ही पद्धत कंजूष आहे. हा तिचा दोषच. सात-आठ वर्षांच्या मुलाला पाठ करायला आवडतं आणि त्या वयात पाठ झालेलं आयुष्यभर जिभेवर राहतं. शब्बाथ शाळेतली सुवर्णवचनं उगीच टिकली नाहीत. आपल्याकडे श्रद्धा फार आधीपासून गात गात पुढे गेली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातल्या साष्टीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं; नारायण वामन टिळकांची पदं आजही मराठी चर्चमध्ये टाळ-पेटीवर म्हटली जातात. प्रार्थनेच्या चौरंगाशी दर महिन्याला एक पद आणि एक स्तोत्र जोडा. रोममधल्या बायका रागावणार नाहीत.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाची (फर्स्ट कम्युनियनची) तयारी याच स्तरात, छोट्या गटात, सावकाश आणि शेवटी एका शांत चिंतनशिबिराने करायची असते. साठ मुलांची एकच तुकडी, पांढरे फ्रॉक, फोटोग्राफर, हॉल बुकिंग या आपल्या गाडीला ती जोडता येत नाही. जोडायचीच असेल तर बारा-बाराचे पाच गट आणि दहा प्रशिक्षित माणसं लागतील. तेवढी नसतील तर तयारी नेहमीच्या पद्धतीने होऊ द्या, आणि वेदीभोवतीच्या मेंढरांचा पाठ तेवढा सगळ्या गटांना आळीपाळीने द्या.

कुठे बिघडतं

सगळ्यांत जास्त वेळा बिघडतं ते मोठ्यांच्या तोंडामुळे. मुलाने काही म्हटलं की “शाब्बास, अगदी बरोबर!” निसटतं, आणि बाकीची अकरा मुलं आता बरोबर उत्तर शोधू लागतात. नुसती मान हलवा. दुसरं, सगळं साहित्य एकदम मांडणं. पाठ झालेलीच वस्तू शेल्फवर, बाकीची कुलपात. तिसरं, वार्षिक कार्यक्रम. पालकांना आणि कधी कधी फादरनाही स्टेजवर काहीतरी दिसायला हवं असतं, म्हणून मेंढपाळाचं नाटुकलं बसवलं जातं आणि पुढचे दोन महिने तालमीत जातात. त्याऐवजी वर्षातून एकदा आई-बाबांना खोलीत बोलावून मुलानेच आपलं एक काम त्यांना दाखवावं. चौथं, शिकवणाऱ्यांची गळती. प्रशिक्षण घेतलेली मुलगी लग्न होऊन दुसऱ्या धर्मग्रामात जाते, वही तिच्याबरोबर जाते, खोलीला कुलूप लागतं. प्रशिक्षणाला कायम जोडीने पाठवा, आणि जोडीतलं एक माणूस चाळिशीच्या पुढचं असू द्या.

प्रोटेस्टंट मंडळ्यांनी घ्यावी का? उत्तर भारतीय ख्रिस्तमंडळीसारख्या (सीएनआय), लहान मुलांचा बाप्तिस्मा आणि उपासनावर्ष पाळणाऱ्या चर्चला फार फेरफार न करता घेता येईल. अमेरिकेत एपिस्कोपल चर्चमध्येही ती चालते. पवित्र पेटी (पवित्र भाकर ठेवण्याची) आणि वेदीवरच्या काही कृतींचे पाठ आपल्या उपासनेप्रमाणे बदलावे लागतील. समजत्या वयातच बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्यांनी बाप्तिस्म्याचं साहित्य वगळावं. मेंढपाळ, मोहरी, खमीर, द्राक्षवेल कुणालाही वर्ज्य नाहीत.

मे महिन्यातल्या सुट्टीच्या बायबल शाळेशी तिची तुलना वारंवार होते, ती गैरलागू आहे. पाच दिवस, दोनशे मुलं, ॲक्शन साँग्ज, टी-शर्ट, हे एक वेगळंच काम आहे आणि ते चांगलंच होतं: जी मुलं एरवी येत नाहीत ती येतात. पण जूनच्या पहिल्या रविवारी त्यांना कुठे बसवायचं, हे त्या शाळेच्या पाकिटात लिहिलेलं नसतं. इयत्तावार पुस्तकांचं म्हणाल तर त्यांच्यात माहिती भरपूर असते, पण तीन-चार वर्षांच्या मुलापुढे ती ठेवून उपयोग नाही. सातवीनंतर मात्र पुस्तकच हवं, आणि वाद घालू देणारा माणूस हवा. दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वयाच्या मुलांना लाकडी मेंढरं दाखवू नका, ती हसतील आणि त्यांचं बरोबरच असेल. मोठ्या मुलांना लहानांच्या खोलीत मदतीला घ्या: साहित्य दुरुस्त करणं, कुंड्यांना पाणी, फीत गुंडाळणं. तिसरा स्तर चालवता येत नसेल तर निदान एवढं तरी करता येतं.

हे करायचंच ठरलं असेल तर पहिल्या वर्षी फार काही घेऊ नका. जूनपर्यंत चटया, दोन बुटकी शेल्फं, ओतण्या-घड्यांचं सामान आणि प्रार्थनेचा चौरंग. ऑगस्टपर्यंत छोटी वेदी. सप्टेंबरात मेंढवाडा. आगमनकाळाच्या आधी येशूजन्माची भरीव दृश्यं. सावंतवाडीला ऑर्डर द्यायची असेल तर गणपतीच्या आधीच द्या, त्या दिवसांत कारागिरांना मान वर करायला फुरसत नसते. उपासनावर्षाचं चक्र आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी. मोहरी आणि यीस्ट जानेवारीत, आणि वेदीभोवतीचा वाडा पुनरुत्थानकाळात. मोत्याचा आणि लपलेल्या ठेव्याचा दाखला दुसऱ्या वर्षावर टाका.